अपयश आणि ख्रिस्ती विश्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परीक्षेत नापास होणं, धंदा बुडणं, संसार मोडणं, सेवेची जबाबदारी अर्धवट टाकून येणं, सोडलेलं पाप पुन्हा करून बसणं: हे सगळं आपण एकाच मापाने मोजतो. मग ज्याची चूकच नव्हती तो रात्रभर रडून देवाकडे क्षमा मागत राहतो, आणि ज्याने खरोखर दुसऱ्याचं नुकसान केलं तो "देवाची इच्छा" म्हणून मोकळा होतो. पाळकांकडे आणि प्रार्थना गटांत येणारे प्रश्न ऐकले की हा गोंधळ किती खोल आहे ते कळतं. खालची उत्तरं तो गोंधळ सोडवण्यासाठी आहेत.

मला अपयश आलं म्हणजे देव माझ्यावर रागावला आहे का?

अपयश आलं एवढ्यावरून असा निष्कर्ष काढता येत नाही. येशूच्या शिष्यांनाही वाटायचं की वाईट घडलं म्हणजे त्यामागे कोणाचं तरी पाप असलंच पाहिजे. जन्मांध माणसाला पाहून त्यांनी विचारलं, "पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी?" येशूने दोन्ही पर्याय फेटाळले (योहान ९:१-३). शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हाही त्याने विचारलं की ती माणसं यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का? उत्तरही त्यानेच दिलं: नाही (लूक १३:४-५).

ईयोबाच्या मित्रांनी पानंच्या पानं हाच युक्तिवाद केला. "तुझं काहीतरी चुकलं असणार, म्हणून हे झालं." पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग भडकतो तो या मित्रांवर. माझ्याविषयी तुम्ही योग्य ते बोलला नाहीत, असं देव त्यांना सांगतो (ईयोब ४२:७). त्यामुळे कोणी तुमच्या अपयशाकडे बोट दाखवून "देवाने शिक्षा केली" असं ठामपणे सांगत असेल, तर त्याला तसं बोलायचा अधिकार पवित्र शास्त्राने दिलेला नाही.

पण कधीकधी चूक खरंच माझी असते. ते ओळखायचं कसं?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून इथे जरा थांबू.

स्वतःला एक गोष्ट विचारा: त्या वेळी मला जे माहीत होतं आणि माझ्या हातात जे होतं, त्यात मी जाणूनबुजून चुकीचं निवडलं का? उत्तर "हो" असेल, म्हणजे खोटं बोललो, फसवलं, दिलेला शब्द सोयीसाठी मोडला, तर ते पाप आहे. त्याला पश्चात्ताप आणि भरपाई लागते. उत्तर "नाही, पण मी नीट तयारी केली नाही, हिशेब चुकला, कोणाचा सल्ला घेतला नाही" असं असेल, तर ती चूक आहे. तिच्यातून शिकावं लागतं. तिसरा प्रकारही असतो. तुम्ही मनापासून, नीट काम केलंत आणि तरी ते फसलं, कारण बाजार पडला, आजार आला, दुसऱ्याने हात आखडता घेतला. इथे क्षमा मागण्यासारखं काही नसतं. इथे दुःख करायचं असतं, आणि देवासमोर रडण्याला पवित्र शास्त्रात भरपूर जागा आहे.

प्रत्यक्षात हे तिन्ही प्रकार एकमेकांत मिसळलेले असतात. समजा भागीदारीतला धंदा बुडला. त्यात मंदीचा वाटा असेल, आपल्या घाईचा असेल आणि भागीदारापासून लपवलेल्या एका कर्जाचाही असेल. म्हणून एक वही घ्या आणि जे घडलं ते वाक्यावाक्याने उतरवून काढा. प्रत्येक वाक्यापुढे लिहा: पाप, चूक की आघात. "मंदी आली" या वाक्यासाठी स्वतःला कोसू नका. "कर्ज लपवलं" हे वाक्य मंदीच्या आड दडवू नका. हे काम एका बैठकीत होत नाही आणि एकट्यानेही नीट होत नाही, कारण स्वतःच्या बाबतीत आपण एकतर फार कठोर असतो किंवा फार सैल. तुमची भीड न बाळगणारा एखादा विश्वासू माणूस सोबत घ्या.

पेत्रानेही येशूला नाकारलं आणि यहूदानेही दगा दिला. मग एक सावरला आणि दुसरा का नाही?

दोघांचीही चूक भयंकर होती. दोघांनाही पस्तावा झाला. यहूदाबद्दल आपण घाईत वाचतो, म्हणून एक तपशील सुटतो. त्याने चांदीची तीस नाणी परत नेली आणि "निर्दोष माणसाला धरून देऊन मी पाप केलं" असं तोंडाने कबूलही केलं (मत्तय २७:३-४). पण हे कबूल केलं मुख्य याजकांपुढे. त्यांनी उत्तर दिलं, "आम्हाला त्याचं काय? तुझं तू पाहा." ज्यांना त्याच्या जिवाची पर्वा नव्हती, त्यांच्याकडे तो आपलं ओझं घेऊन गेला. मग तो एकटाच राहिला, आणि त्या एकटेपणात त्याने जीव दिला.

पेत्रही बाहेर जाऊन ओक्साबोक्शी रडला. पण त्यानंतर तो इतर शिष्यांमध्येच राहिला. पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेकडे धावणाऱ्यांत तो होता. नंतर तो सहा जणांबरोबर मासे धरायलाही गेला. मनात लाज असणारच, तरी त्याने आपली माणसं सोडली नाहीत.

आता योहानाच्या शुभवर्तमानातला २१वा अध्याय सावकाश वाचा. रात्रभर जाळं टाकून हाती काही लागलेलं नाही. किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव पेटलेला आहे, त्यावर मासळी ठेवलेली आहे, शेजारी भाकर आहे. मुख्य याजकाच्या अंगणात पेत्राने येशूला ओळखत नसल्याचं सांगितलं, तेव्हाही तो कोळशांच्या विस्तवाशीच शेकत उभा होता (योहान १८:१८). येशू आधी त्याला खाऊ घालतो. जेवण झाल्यावर तीन वेळा विचारतो, "तू माझ्यावर प्रीती करतोस का?" नाकारणं तीन वेळा झालं होतं. तिसऱ्यांदा पेत्र दुखावतो, म्हणजे जखमेला हात लागला आहे. तरी येशू "तू असं का केलंस" असं एकदाही विचारत नाही, आणि "पुन्हा करणार नाहीस ना" असं वचनही घेत नाही. "बाकी सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही" हे वचन पेत्राने आधी दिलंच होतं, ते किती टिकलं ते दोघांनाही माहीत होतं. या वेळी येशू त्याला काम देतो: माझी मेंढरं पाळ.

तोच पेत्र पुढे अंत्युखियात पुन्हा घसरला. लोक काय म्हणतील या भीतीने तो विदेशी विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून उठला, आणि पौलाने त्याला सगळ्यांसमोर सुनावलं (गलती २:११-१४). पुनःस्थापना झालेला माणूसही चुकतो. हा भाग शुभवर्तमानाच्या जोडीने वाचायला हवा, नाहीतर आपण एका अनुभवानंतर स्वतःकडून निर्दोषपणाची अपेक्षा धरून बसतो.

देवाने क्षमा केली हे मला मान्य आहे. पण मी स्वतःला क्षमा करू शकत नाही. काय करू?

"स्वतःला क्षमा कर" अशी आज्ञा पवित्र शास्त्रात कुठेही नाही. सुरुवातीला हे ऐकून निराशा वाटेल, पण यात मोठी सुटका आहे. क्षमा करण्याचं काम तुमच्यावर टाकलेलंच नाही. तुमच्यावर आहे ते कबूल करणं. आपण पापं कबूल केली तर तो विश्वासू आणि न्यायी आहे, म्हणून क्षमा करतो आणि शुद्ध करतो (१ योहान १:९). इथे "न्यायी" म्हटलं आहे याकडे लक्ष द्या. ख्रिस्ताने वधस्तंभावर किंमत मोजली आहे, तीच पुन्हा तुमच्याकडून वसूल करणं न्यायाला धरून होणार नाही.

पौलाने एके ठिकाणी लिहिलं आहे की मी स्वतःचाही न्याय करत नाही, माझा न्याय करणारा प्रभू आहे (१ करिंथ ४:३-४). पौलाच्या मागे मंडळीचा छळ केल्याचा इतिहास होता. तो इतिहास त्याने कधी लपवला नाही, पत्रांतून तो स्वतःहून सांगतो. पण न्यायाधीशाच्या खुर्चीवर तो स्वतः बसला नाही.

मन दोष देतच राहिलं तर तपासून पाहा: एखादी भरपाई करायची राहिली आहे का? कधीकधी बोचणी उगीच नसते, ती एखाद्या न केलेल्या फोनकडे बोट दाखवत असते. ते करून झालं असेल आणि तरी बोचणी तशीच असेल, तर "आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं तरी देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे" (१ योहान ३:२०) हे वाक्य मोठ्याने म्हणा. रोज म्हणा. भावना मागाहून येतील, त्यांची वाट पाहत बसू नका.

क्षमा मिळाली, मग परिणाम का भोगावे लागतात?

कारण क्षमा तुटलेलं नातं जोडते, घडलेली घटना पुसत नाही. व्यभिचार आणि खून केलेल्या दाविद राजाला नाथान संदेष्ट्याने एकाच भेटीत दोन्ही सांगितलं: परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे, आणि तुझ्या घरातून तलवार जाणार नाही (२ शमुवेल १२). दाविदाचं उरलेलं आयुष्य वाचलं की ते किती खरं झालं हे दिसतं.

त्या व्यभिचारातून झालेलं मूल वारल्यावर दाविदाने काय केलं तेही पाहा. तो जमिनीवरून उठला, आंघोळ केली, कपडे बदलले, परमेश्वराच्या मंदिरात जाऊन उपासना केली आणि मग घरी येऊन जेवला. चाकरांना नवल वाटलं. परिणाम समोर असतानाही त्याने उपासना केली, आणि उपासना केली म्हणून परिणाम टळले असंही तो म्हणाला नाही. तुमची नोकरी गेली असेल, खटला चालू असेल, जोडीदाराचा विश्वास उडाला असेल, तर ते सगळं सोसतानाही तुम्ही क्षमा मिळालेले असू शकता.

ज्याचं नुकसान केलं त्याची माफी कशी मागावी?

आधी जा, मग उपासना. वेदीपाशी अर्पण करताना आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असं येशूने सांगितलं (मत्तय ५:२३-२४). देवाकडे शंभर वेळा क्षमा मागून माणसाकडे एकदाही न जाणं ही आपल्या मंडळ्यांमधली फार जुनी पळवाट आहे.

"तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" ही माफी झाली नाही. यात दोष समोरच्याच्या भावनेवर ढकलला जातो. हे बघा: "तुझे पैसे परत द्यायला मी टाळाटाळ केली. तुझे फोन मुद्दाम उचलले नाहीत. त्यामुळे घरी तुला बोलणी खावी लागली. चूक माझी आहे. दर महिन्याच्या एक तारखेला मी ठरलेली रक्कम देईन आणि पूर्ण फिटेपर्यंत देत राहीन." यात काय केलं, त्याचा त्रास कोणाला झाला आणि आता काय करणार, हे तिन्ही आलं. "पण तूसुद्धा..." कुठेही नाही. माफी मागून झाल्यावर लगेच "मग माफ केलंस ना?" असं विचारूही नका. समोरच्याला वेळ लागेल. कदाचित तो कधीच माफ करणार नाही, आणि तेही तुम्हाला शांतपणे स्वीकारावं लागेल.

भरपाईबद्दल पवित्र शास्त्र अगदी रोखठोक आहे. मोशेच्या नियमशास्त्रात कबुलीसोबत संपूर्ण भरपाई आणि वर पाचवा हिस्सा सांगितला आहे (गणना ५:७). जक्कयाने चौपट देण्याचं कबूल केलं. एकच सावधगिरी: तुमच्या जाण्याने समोरच्या व्यक्तीला पुन्हा इजा होणार असेल, उदाहरणार्थ तिने तुम्हाला भेटायचं नाही असं स्पष्ट सांगितलं असेल, तर दारात जाऊन उभे राहू नका. पाळकाशी किंवा समुपदेशकाशी बोलून दुसरा मार्ग शोधा.

मी खूप प्रार्थना केली, उपास केले, तरी अपयश आलं. मग प्रार्थनेचा उपयोग काय?

शरीरातला काटा निघावा म्हणून पौलाने तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. "माझी कृपा तुला पुरे" हे उत्तर मिळालं (२ करिंथ १२:७-९). गेथशेमाने बागेत खुद्द येशूने प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली, आणि प्याला टळला नाही. तेव्हा मागितलेलं मिळालं नाही म्हणजे तुमचा विश्वास कमी पडला, हे कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका.

कधीकधी बंद दाराचा अर्थ नंतर कळतो. पौल आणि त्याचे सोबती आशिया प्रांतात वचन सांगायला निघाले, ते जमलं नाही. बिथुनियात जाऊ पाहिलं, तेही नाही. शेवटी त्रोवसला आले, आणि तिथे रात्री दिसलेल्या दृष्टान्तामुळे ते समुद्र ओलांडून मासेदोनियाला गेले (कृत्ये १६:६-१०). फिलिप्पै इथली मंडळी त्या प्रवासात उभी राहिली. पण प्रत्येक अपयशामागे असा दुसरा दरवाजा दिसतोच, असं मी म्हणणार नाही. काहींचा अर्थ या जन्मात लागत नाही.

अपयशाला "देवाची इच्छा" म्हणून सोडून द्यावं का?

स्वीकारणं आणि सोडून देणं यांत फरक आहे. येशूने बुरूज बांधणाऱ्याचा दाखला दिला, त्यात आधी बसून खर्चाचा अंदाज न घेणाऱ्याचं लोक हसं करतात (लूक १४:२८-३०). विश्वास म्हणजे हिशेब न करणं, असं येशूने कुठेही शिकवलेलं नाही. अभ्यास न करता परीक्षेला बसलो आणि नापास झालो, तर त्यात देवाची इच्छा शोधण्याआधी वेळापत्रक पाहावं.

निष्फळ अंजिराचा दाखला मला या बाबतीत फार मोलाचा वाटतो (लूक १३:६-९). तीन वर्षं फळ नाही. मालक म्हणतो, तोडून टाक. माळी म्हणतो, आणखी एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणून खत घालतो. त्याने नुसतं थांबायला सांगितलं नाही, तो खणणार आहे, खत घालणार आहे. आणि वर्षभरानंतरही फळ नाही आलं तर तोडायचं, हेही त्याने मान्य केलं. एखादं काम पुन्हा हाती घेताना हा हिशेब कामी येतो: मुदत किती, त्या मुदतीत मी नेमकं काय वेगळं करणार, आणि तरीही जमलं नाही तर थांबायची माझी तयारी आहे का?

मी इतका खचलो आहे की प्रार्थनाही करवत नाही.

मग एलीयाकडे या (१ राजे १९). कर्मेल डोंगरावर त्याने मोठा विजय पाहिला होता, आणि त्यानंतर ईजबेल राणीच्या एका धमकीने तो जीव घेऊन पळाला. बैर-शेबाला चाकराला मागे सोडलं. एकटाच एक दिवसाची वाट चालून रानात गेला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, "पुरे झालं, परमेश्वरा, माझा प्राण घे."

देवाने त्याला उपदेश केला नाही. एलीया झोपला. देवदूताने हात लावून उठवलं, म्हणाला, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुंजा. त्याने खाल्लं, पाणी प्यायला आणि पुन्हा झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा खायला दिलं. "वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे" असं देवदूताने मान्य केलं. एलीया नीट जेवून, झोपून होरेबपर्यंत पोचल्यावरच देवाने प्रश्न विचारला: "एलीया, तू इथे काय करतोस?" एलीयाने आपलं रडगाणं दोन वेळा, शब्दाला शब्द तसंच सांगितलं, आणि देवाने दोन्ही वेळा ऐकून घेतलं. मग सांगितलं की तू एकटा नाहीस, सात हजार शिल्लक आहेत. आणि अलीशाचा अभिषेक करायला पाठवलं, म्हणजे सोबत आणि वारस दोन्ही दिले.

तुम्ही खचला असाल तर आज तुमची आध्यात्मिक जबाबदारी जेवणं आणि झोपणं एवढीच असू शकते. प्रार्थना तुमच्या वतीने दुसऱ्यांना करू द्या.

आणि हे अगदी स्पष्ट सांगायला हवं: जीव नकोसा वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर आजच कोणाला तरी सांगा. घरच्यांना, मित्राला, डॉक्टरांना, तुमच्या भागातल्या मदतवाहिनीला. नैराश्य हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत आणि ते घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. "नुसती प्रार्थना कर, गोळ्या कशाला" असा सल्ला कोणी देत असेल तर तो मानू नका, सल्ला देणारा कितीही मोठा सेवक असला तरी.

तेच पाप पुन्हा पुन्हा होतं. आता देवापुढे जायला लाज वाटते.

नीतिमान सात वेळा पडला तरी पुन्हा उठतो (नीतिसूत्रे २४:१६). ज्या प्रभूने पेत्राला सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करायला सांगितलं, तो स्वतः त्याहून कमी क्षमा करेल का?

पण उठण्याची पद्धत बदलावी लागेल. पडल्यावर अश्रू, मग जोरदार निश्चय, मग काही दिवस उत्साह, मग पुन्हा पडणं: हे चक्र निश्चयाने तुटत नाही. पडण्याच्या आधीचे दोन तास पाहा. तुम्ही कुठे होता, एकटे होता का, थकला होता का, कोणाशी भांडण झालं होतं का, फोन हातात होता का? येशूने अडखळवणारा हात तोडून टाकायला सांगितलं, म्हणजे प्रसंग जिथून सुरू होतो तिथे कठोर व्हा. फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवणं ही क्षुल्लक गोष्ट वाटते, पण अनेकांची लढाई तिथेच जिंकली जाते. दुसरं, एकमेकांजवळ पापं कबूल करा असं याकोब सांगतो (५:१६). एक माणूस निवडा, जो पोटात ठेवेल आणि दर आठवड्याला विचारेल. दारू, जुगार किंवा तत्सम व्यसन असेल तर व्यसनमुक्तीचे उपचारही घ्या.

सेवेत अपयशी ठरलेल्याला मंडळीने पुन्हा जबाबदारी द्यावी का?

योहान मार्क पौल आणि बर्णबा यांच्या पहिल्या सुवार्ताप्रवासात पिर्गा इथूनच परत फिरला. दुसऱ्या प्रवासाच्या वेळी बर्णबा त्याला न्यायला तयार होता, पौल नव्हता. वाद इतका पेटला की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या (कृत्ये १५:३६-४०). बर्णबाने मार्कला बरोबर घेतलं. पुढे तुरुंगातून पौलच लिहितो, मार्कला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११). ज्या माणसावर पौलाने काट मारली होती, त्याला बर्णबाने वेळ दिला. प्रत्येक मंडळीत एक तरी बर्णबा हवा.

मात्र सगळी अपयशं मार्कसारखी नसतात. कच खाणं वेगळं आणि विश्वासघात वेगळा. मंडळीच्या इतिहासात हा प्रश्न फार लवकर आला. इ.स. २५० मध्ये रोमन सम्राट देकियसने सर्वांना देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यायला लावलं. अनेक ख्रिस्ती लोक जिवाच्या भीतीने झुकले. छळ ओसरल्यावर त्यांच्यापैकी पुष्कळ जण रडत परत आले. रोममधला नोवातियन म्हणाला, यांना मंडळीत घेऊच नये. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि २५१ मधली तिथली धर्मपरिषद यांनी प्रायश्चित्तानंतर परत घेण्याचा मार्ग काढला, प्रत्येकाचं प्रकरण वेगळं तपासून. पण झुकलेल्या धर्मगुरूंना सिप्रियनने पदावर परत घेतलं नाही. विश्वासणारे म्हणून त्यांना दार उघडं होतं, पद मात्र नाही.

हा विवेक आजही लागतो. पैशांची अफरातफर केलेल्याला संगतीत घ्या, प्रभुभोजनाला घ्या, पण तिजोरीच्या किल्ल्या देऊ नका. लहान मुलांशी किंवा स्त्रियांशी गैरवर्तन झालं असेल तर कायद्याला कळवा, पीडित व्यक्तीच्या बाजूला उभे राहा, आणि "त्याने पश्चात्ताप केला आहे" हे कारण देऊन प्रकरण दडपू नका.

मुलांच्या अपयशाच्या वेळी पालकांनी काय करावं?

निकाल लागलेल्या दिवशी काहीही शिकवू नका. जेवायला वाढा, जवळ बसा. बापांनो, मुलांना चिडवू नका, नाहीतर ती खचतील, असं पौल लिहितो (कलस्सै ३:२१). शेजारच्या मुलाचं नाव त्या घरात त्या दिवशी निघू नये. चार दिवसांनी मूल स्वतः बोलू लागलं की पुढचं ठरवता येतं.

अपयशी माणसाला धीर देताना काय बोलू नये?

"सगळं भल्यासाठीच होतं." रोमकरांस पत्रातलं ८:२८ हे वचन खरं आहे, पण ते दुखावलेल्या माणसाने स्वतः हळूहळू गाठायचं असतं, दुसऱ्याने त्याच्या तोंडावर मारायचं नसतं. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढं त्यांनी अगदी बरोबर केलं. त्यांचं बिघडलं ते तोंड उघडल्यावर. काही करायचंच असेल तर कामाचं करा: मुलं सांभाळा, अर्ज भरायला मदत करा, कोणाकोणाचं देणं आहे त्याची यादी करायला शेजारी बसा.

आता फार उशीर झाला असेल तर?

कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर यांनी तुरुंगात असताना, मरणाच्या छायेत, आपल्या विश्वासाविरुद्ध एकामागून एक जबान्यांवर सह्या केल्या. म्हातारपणी, सगळ्या जगासमोर आलेलं ते अपयश होतं. २१ मार्च १५५६ रोजी ऑक्सफर्डमध्ये त्यांनी त्या जबान्या जाहीरपणे मागे घेतल्या, आणि त्यांना जिवंत जाळलं जात असताना, ज्या हाताने सह्या केल्या होत्या तो उजवा हात सगळ्यात आधी आगीत धरला. त्यांच्या हातात आयुष्याचा जेमतेम एक तास उरला होता. वधस्तंभावरच्या चोराकडेही तेवढाच वेळ होता, आणि त्याच्याकडे भरपाई करण्याची सोयही नव्हती.

तुमच्याकडे बहुधा यापेक्षा बराच जास्त वेळ आहे. ज्या व्यक्तीला भेटायचं ती वारली असेल, तर तिच्या घरच्यांशी बोलता येतं. पैसे ज्याला द्यायचे तो सापडत नसेल, तर ते गरजूंना देता येतात.

प्रार्थनेत नेमकं काय बोलू? शब्दच सुचत नाहीत.

स्तोत्रं उसनी घ्या. पाप केलं असेल तर ५१वं आणि ३२वं. मन उदास असेल तर ४२वं. खोल गर्तेतून हाक मारायची असेल तर १३०वं. आणि कसलीच आशा दिसत नसेल तर ८८वं, कारण त्यात शेवटपर्यंत दिलाशाचं एकही वाक्य नाही, आणि तरी ते देवाला उद्देशून केलेलीच प्रार्थना आहे. मोठ्याने वाचा. एका दिवशी एकच स्तोत्र पुरे, आणि दुसऱ्या दिवशीही तेच वाचावंसं वाटलं तर तेच वाचा.